जुन्या गाडीचा पिकअप वाढवायचाय? आधी टायर बघा, इंजिन नंतर

फियाट पालिओ १.६, होंडा सिटीची १.५ व्हीटेक, मारुतीची जुनी बलेनो आणि एस्टीम. या गाड्यांची नावं निघाली की गाडीवेडी माणसं आजही तासभर बोलत बसतात. पालिओ १.६ मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात बनायची, १०० हॉर्सपॉवरची. सचिन तेंडुलकरच्या नावाने तिची ‘एस१०’ ही खास आवृत्तीही निघाली होती. होंडा सिटी व्हीटेकची ताकद होती १०६ हॉर्सपॉवर, बलेनोची ९४. एस्टीमची फक्त ८५, पण वजन सुमारे ८७५ किलो. त्यामुळेच ती वर्षानुवर्षं रॅलीवाल्यांची लाडकी राहिली.

खरं तर यातली एकही गाडी स्पोर्ट्स कार नाही. परदेशात ‘स्वस्तातली जुनी स्पोर्ट्स कार’ म्हटलं की १९८९ साली आलेल्या दोन सीटच्या माझदा मियाटाचं नाव निघतं. आपल्याकडे गोव्यात बनलेल्या सॅन स्टॉर्मसारखा एखादा प्रयत्न झाला, पण त्या गाड्या मोजक्याच. त्यामुळे आपल्याकडची ‘गरिबांची स्पोर्ट्स कार’ म्हणजे याच हलक्या आणि चपळ पेट्रोल गाड्या. आज त्या बऱ्याचदा नव्या मोटारसायकलच्या किमतीत मिळतात. वाशिमसारख्या जिल्ह्यात राहणाऱ्यालाही अशी गाडी परवडते. त्यात आता कारंजा, मंगरूळपीर, मालेगाव या तालुक्यांतून समृद्धी महामार्ग जातो आणि त्यावर कारला ताशी १२० किलोमीटरची परवानगी आहे.

गाडी घेतली की पुढचा प्रश्न ठरलेला: हिला अजून पळवायचं कसं? बहुतेक जण सायलेन्सरपासून सुरुवात करतात. पण तिथेच पैसे वाया जातात. कसे, ते समजून घेऊ.

वाशिममध्ये १०० ची ताकद ८८ कशी होते?

इंजिनाला पेट्रोल लागतं तशीच हवाही लागते. टर्बो नसलेलं इंजिन फक्त स्वतःच्या ओढीने हवा आत घेतं. हवा जितकी दाट, तितकी ताकद जास्त.

वाशिम शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंचीवर आहे. एवढ्या उंचीवर हवेचा दाब मुंबईच्या तुलनेत साधारण ६ टक्के कमी असतो. त्यात विदर्भाचा उन्हाळा. २५ अंशांची हवा तापून ४५ अंशांवर गेली की तिची घनता आणखी ६ टक्क्यांनी घटते. दोन्ही धरले तर कागदावर १०० हॉर्सपॉवर असलेलं इंजिन मे महिन्याच्या दुपारी वाशिममध्ये साधारण ८८ हॉर्सपॉवरच देतं.

म्हणजे गाडी उन्हाळ्यात ‘दबल्यासारखी’ वाटली तर दर वेळी इंजिनच खराब असतं असं नाही. डिसेंबरच्या पहाटे तीच गाडी जास्त चांगली पळते.

फिल्टर आणि सायलेन्सर बदलून काय मिळतं?

आता बॉनेटखाली बसवल्या जाणाऱ्या उघड्या, शंकूच्या आकाराच्या एअर फिल्टरचा विचार करा. कंपनीचा फिल्टर बंद डब्यात असतो आणि नळीवाटे बाहेरची हवा घेतो. उघडा फिल्टर मात्र इंजिनाशेजारची तापलेली हवा ओढतो. ती हवा ६० अंशांवर गेली तर २५ अंशांच्या तुलनेत घनता १० टक्क्यांहून जास्त घटते. आवाज भारी येतो, ताकद मात्र कमी होऊ शकते. शिवाय शेतरस्त्यांवरची बारीक धूळ आत गेली तर पिस्टन आणि सिलेंडर घासले जातात.

मोकळ्या सायलेन्सरचंही तसंच. धूर बाहेर जायला कमी अडथळा झाला तर इंजिनाला थोडी मदत होते, पण संपूर्ण एक्झॉस्टची रचना त्या इंजिनासाठी मोजून केलेली असेल तरच. नुसता मागचा डबा बदलला तर फरक कानाला जाणवतो, पिकअपला नाही.

राहिलं ईसीयूचं, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरचं रिमॅपिंग. टर्बो गाड्यांमध्ये त्याने मोठा फरक पडतो, कारण टर्बोचा दाब वाढवता येतो. टर्बो नसलेल्या जुन्या पेट्रोल इंजिनात साधारण ५ ते १० टक्क्यांच्या पुढे फारसं काही हाती लागत नाही. म्हणजे एवढा खर्च करून जेमतेम वाशिमच्या उन्हाने खाल्लेली ताकद परत येणार. जुन्या इंजिनाला बाहेरून टर्बो बसवायचा तर पिस्टन, क्लच, कूलिंग, गिअरबॉक्स सगळंच त्या ताणाला टिकावं लागतं. तिथे ‘स्वस्तातली गाडी’ हा मुद्दाच संपतो.

मग ताकद आणायची कुठून?

जी गेली आहे, तीच आधी परत आणायची. वीस वर्षांच्या गाडीने कंपनीतून निघतानाची बरीच ताकद वाटेत सांडलेली असते.

पहिली तपासणी कॉम्प्रेशनची. प्रत्येक सिलेंडर किती दाब धरतो हे साध्या गेजने कळतं. एका सिलेंडरचा दाब बाकीच्यांपेक्षा १५ टक्क्यांहून जास्त कमी असेल, तर रिंग, व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केटचं काम निघालं म्हणून समजा. अशा इंजिनावर केलेलं कोणतंही मॉडिफिकेशन म्हणजे फुटक्या घागरीत पाणी भरणं.

त्यानंतर प्लग, इग्निशनच्या वायर, इंजेक्टरची सफाई, ऑक्सिजन सेन्सर, क्लच प्लेट. टायमिंग बेल्ट कधी बदलला याचा पुरावा नसेल तर तो बदललेलाच बरा. तो धावत्या गाडीत तुटला तर अनेक इंजिनांमध्ये पिस्टन थेट व्हॉल्व्हवर आदळतात.

विदर्भात कूलिंगकडे खास लक्ष द्यावं लागतं. गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅटच काढून टाकायची पद्धत अनेक गॅरेजमध्ये आहे. त्याने इंजिन योग्य तापमानाला यायला वेळ लागतो, तोवर ईसीयू जास्त पेट्रोल सोडत राहतो आणि पिकअप व ॲव्हरेज दोन्ही बिघडतात. खरा दोष बहुतेक वेळा चोंदलेल्या रेडिएटरमध्ये, बंद पडलेल्या पंख्यात किंवा कूलंटऐवजी भरलेल्या बोअरच्या पाण्यात असतो.

फुकटात मिळणारा पिकअप म्हणजे वजन. डिकीतला वूफर, त्याचा लाकडी डबा आणि इतर सामान मिळून ३० किलो होत असेल, तर एस्टीमसारख्या गाडीत ते एकूण वजनाच्या सुमारे ३ टक्के आहे. ते काढणं म्हणजे ८५ च्या इंजिनाला अडीच हॉर्सपॉवर जोडण्यासारखं.

टायर आणि ब्रेक आधी का?

कारण वेग वाढतो त्यापेक्षा थांबायचं अंतर जास्त पटीने वाढतं. चांगले टायर आणि कोरडा रस्ता असेल तर ताशी ८० किलोमीटरवरून ब्रेक दाबल्यावर गाडी साधारण ३६ मीटरमध्ये थांबते. १२० वर हेच अंतर सुमारे ८१ मीटर होतं. वेग दीडपट, अंतर सव्वादोनपट. त्यात माणसाला धोका कळून पाय ब्रेकवर जायला एक सेकंद लागला, तर १२० वर तेवढ्यात आणखी ३३ मीटर गेलेले असतात.

जुनी गाडी अनेकदा कमी चाललेली असते. टायरची नक्षी शाबूत दिसते, पण रबर कडक झालेलं असतं. टायरच्या बाजूला चार आकड्यांचा कोड असतो: ‘२३१८’ म्हणजे २०१८ सालचा तेविसावा आठवडा. नक्षीची खोली १.६ मिलिमीटरपेक्षा कमी असलेला टायर कारला चालत नाही. तापलेल्या काँक्रीटवर सलग तासभर वेगात जाताना म्हातारा किंवा हवा कमी असलेला टायर आतून तापत जातो आणि फुटतो. त्यामुळे समृद्धीवर जाण्याआधी थंड टायरमध्ये हवा तपासणं हे कोणत्याही रिमॅपिंगपेक्षा मोलाचं.

टायर थोडा रुंद करायचा असेल तर बाहेरचा व्यास तोच राहील असं माप निवडावं. उदाहरणार्थ, १५५/८० आर१३ च्या जागी १७५/७० आर१३ घेतला तर व्यासात अर्ध्या टक्क्याचाच फरक पडतो. मोठमोठी अलॉय चाकं दिसतात छान, पण जड असतात आणि पिकअप खातात.

ब्रेकमध्ये पॅड आणि डिस्कबरोबर ब्रेक ऑइलही बदलायला हवं. ते हवेतलं पाणी शोषतं. डॉट ४ दर्जाचं नवं ऑइल २३० अंशांपर्यंत उकळत नाही. पाणी शोषल्यावर ही मर्यादा १५५ अंशांवर येऊ शकते. ऑइल उकळलं की पायाखालचा ब्रेक पोकळ होतो.

मग शॉकअप, लोअर आर्मचे बुश आणि व्हील अलाइनमेंट. एवढं झालं की तीच गाडी वळणावर नव्यासारखी वाटते. जुनी गाडी ‘फास्ट’ झाल्याचा अनुभव बहुतेकांना इथेच येतो.

ई२० पेट्रोलचं काय?

आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. त्याचा ऑक्टेन चांगला आहे, पण लिटरमागे ऊर्जा साध्या पेट्रोलपेक्षा सुमारे ६ ते ७ टक्के कमी. २००० च्या दशकातल्या गाड्या या इंधनासाठी बनलेल्या नाहीत. जुन्या रबरी नळ्या, सील आणि गॅस्केट त्यात लवकर खराब होऊ शकतात. गरम इंजिनाशेजारी पेट्रोलची नळी पाझरणं म्हणजे आगीला आमंत्रण. त्यामुळे इथेनॉल सोसणाऱ्या नव्या नळ्या आणि नवा पेट्रोल फिल्टर हा खर्च यादीत वरच धरावा.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, आरसीवरची माहिती आणि कंपनीने दिलेली मूळ रचना जुळणार नाही असा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केलं. इंजिन बदलायचं तर त्याच बनावटीचं आणि प्रकारचं, तेही परवानगी घेऊन. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलासाठी प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. आवाज आणि धुराच्या नियमभंगाचा दंड वेगळा, पहिल्याच वेळी १०,००० रुपयांपर्यंत. विमा कंपनीला न कळवलेला बदल अपघातानंतर उघड झाला तर क्लेम अडकू शकतो.

शिवाय १५ वर्षांनंतर गाडीचं पुन्हा पासिंग करावं लागतं. त्यासाठी एमएच ३७ च्या गाडीला वाशिमच्या उपप्रादेशिक परिवहन कार्यालयाचं दार चुकत नाही. नोंदणी नूतनीकरणाची फी १५ वर्षांनंतर ५,००० रुपये आणि २० वर्षांवरच्या कारसाठी २०२५ पासून १०,००० रुपये आहे. पर्यावरण कर वेगळा. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढलेली, फटाके फोडणारी गाडी तिथे अडते.

कंपनीच्या मापाचे चांगले टायर, पॅड, बुश, रेडिएटर, कॉम्प्रेशनचं काम या कशावरही कायद्याची हरकत नाही.

पैसे कोणत्या क्रमाने घालावेत?

गाडी घेण्याआधी कॉम्प्रेशन, चेसी नंबर आणि आरसी जुळवून बघावी. घेतल्यावर आधी टायर आणि ब्रेक, मग पेट्रोलच्या नळ्या आणि कूलिंग, मग शॉकअप आणि बुश, त्यानंतर इंजिनाची दुरुस्ती. एवढं करून पैसे उरले आणि हौसही उरली, तरच ताकद वाढवण्याचा विचार.

गाडी खरोखर रेसिंगसाठी बनवायची असेल, तर त्याची जागा रस्ता नाही. देशात मोटारस्पोर्टचा कारभार पाहणाऱ्या एफएमएससीआयच्या नियमांखाली ऑटोक्रॉस आणि रॅली होतात. तिथे स्पर्धकाला लायसन्स लागतं, हेल्मेट आणि सुरक्षेची तपासणी होते आणि समोरून कापसाचा ट्रॅक्टर येत नाही.