सील नवे, तरी शॉकअप उसळतो का?

साताऱ्यापासून कराडमार्गे सांगलीपर्यंत मोटारसायकल दुरुस्तीच्या धंद्यात आपले अनेक बांधव आहेत. पुढच्या शॉकअपचे सील घरीच बदलून आलेले गिऱ्हाईक तक्रार करते : गळती थांबली, पण ब्रेक दाबताच गाडीचे तोंड खाली बसते आणि खड्ड्यानंतर हँडल उसळत राहते. अशा वेळी नवा शॉकअप गळ्यात मारू नये.

स्प्रिंग वजन पेलते. उसळी आवरते ते बारीक छिद्रांतून जाणारे तेल. म्हणून दोन्ही नळ्यांत कंपनीने सांगितलेल्या जाडीचे तेल मापानेच, सारखे भरावे. स्प्रिंग घालण्यापूर्वी नळी सावकाश वरखाली करून हवा काढावी. तरी उसळी राहिली तर तळाचा एलन बोल्ट व त्याचा तांब्याचा वॉशर तपासावा. आतील पिस्टनची रिंग झिजली असेल तर तेवढीच बदलावी. शॉकअप अडखळत असेल तर एक्सलचा नट सैल करून, गाडी पुढून चार-पाच वेळा दाबून मग आवळावा.

मापात खोट करणाऱ्यांना कुरआनच्या सूरह मुतफ्फिफीनमध्ये कडक इशारा आहे. अंदाजाने ओतलेले तेल हीही मापातली खोटच. यवतेश्वरचा घाट उतरणाऱ्या गिऱ्हाइकाचा जीव त्या मापावर असतो.