कॉन्ट्रॅक्टर निवडताय? दर सगळ्यात शेवटी विचारा

गेल्या भागानंतर बऱ्याच जणांनी एकच विषय मागितला होता: गावी घर बांधायचंय किंवा जुनं घर दुरुस्त करायचंय, तर कॉन्ट्रॅक्टर कसा निवडायचा? ज्यांना कानात इअरफोन घालून ऐकण्यापेक्षा आकडे डोळ्यांसमोर हवेत, त्यांच्यासाठी हा भाग लिहून देतोय.

मी सिव्हिल इंजिनिअर नाही, कोड लिहितो. पण बाबा एसटीतून निवृत्त झाले, त्यांचा फंड आला आणि कोरेगाव तालुक्यातल्या आमच्या जागेवर ११०० चौरस फुटांचं घर बांधायचं ठरलं. मी पुण्यात, आई-बाबा गावात, आणि पैसा असा की एकदा गेला तर परत उभा राहणार नाही. तुमच्यापैकी अनेकांच्या घरी हेच चित्र असणार. त्यामुळे दोन महिने मी शनिवार-रविवार हाच अभ्यास केला.

पहिली गोष्ट, चौरस फुटाचा दर. गावात कुणालाही विचारा, "काय रेटनं दिलं?" एवढंच ऐकू येतं. आमच्याकडे मटेरियलसहित तीन दर आले: १६५०, १९०० आणि २१५०. बाबांचा कल अर्थातच १६५० कडे. मी तिघांकडून कामाची यादी लेखी मागितली आणि एक्सेलमध्ये टाकली. तेव्हा कळलं की १६५० वाला स्लॅबचा बाहेर आलेला भाग, बाल्कनी, छज्जे सगळं धरून १२१० फूट मोजतोय. म्हणजे १९,९६,५०० रुपये. त्यात शौचालयाची टाकी नाही, गच्चीवरची पाण्याची टाकी नाही, जिन्याचं रेलिंग नाही, रंग नाही. या गोष्टींचा बाजारभावाने हिशोब २,४०,००० झाला. एकूण २२,३६,५००. १९०० वाल्याने सगळं धरून, ११०० फुटांवर, २०,९०,००० सांगितले होते. सगळ्यात स्वस्त माणूस जवळजवळ दीड लाखाने महाग निघाला! त्याने फसवलं असंही म्हणता येत नाही, कारण कुणी विचारलंच नव्हतं.

म्हणून दर विचारायच्या आधी हे विचारा: मोजमाप कशावर धरणार? पाया किती फूट खोल धरलाय? (आपल्याकडे काळी माती असेल तर हा प्रश्न फार महागात पडतो, खाली कडक लागेपर्यंत खोदावं लागतं आणि तो "जादा काम" म्हणून लागतो.) सिमेंट, स्टील कुठल्या कंपनीचं, फरशी किती रुपये फुटाची, वायरिंगचे पॉइंट किती?

आता खरी परीक्षा. कॉन्ट्रॅक्टर तुम्हाला आपलं सगळ्यात देखणं घर दाखवायला नेतो, नवा रंग, दारात तोरण. ते बघून काहीच कळत नाही. दोन साइट मागा: एक सध्या चालू असलेली, आणि एक जिच्यावरून दोन पावसाळे गेलेत. जुन्या घरात टॉयलेटच्या मागची भिंत, खिडक्यांचे खालचे कोपरे आणि गच्चीखालचं छत बघा. ओल तिथेच बोलते. घरमालकाला "काम कसं आहे?" विचारू नका, सगळे चांगलंच म्हणतात. विचारा, "शेवटचं किरकोळ काम करायला किती चकरा मारायला लावल्या?" एका घरातल्या काकूंनी चहा देता देता सांगितलं की एका नळासाठी चार महिने फोन केले. तिथेच आमची यादी एका नावाने कमी झाली.

चालू साइटवर न सांगता, दुपारी जा. माझ्या मते सगळ्यात जास्त माहिती इथेच मिळते. सळई आणि खालची प्लेट यांच्यामध्ये सिमेंटचे छोटे ठोकळे, म्हणजे कव्हर ब्लॉक, ठेवलेत का? आयएस ४५६ या आपल्या भारतीय मानकानुसार साध्या परिस्थितीत स्लॅबला २० मिलिमीटर आणि कॉलमला ४० मिलिमीटर कव्हर हवं. काही जण तिथे दगडाचे तुकडे सरकवतात, काही काहीच नाही. मग सळईपर्यंत दमट हवा पोचते, गंज चढतो, सळई फुगते आणि दहा-बारा वर्षांनी स्लॅबचे पोपडे पडायला लागतात. तेव्हा कॉन्ट्रॅक्टरचा नंबरही बदललेला असतो.

दुसरं, पाणी मारणं. काँक्रीट वाळून घट्ट होत नाही, सिमेंट आणि पाण्याच्या रासायनिक क्रियेने घट्ट होतं, त्यामुळे त्याला ओलं ठेवावंच लागतं. साध्या सिमेंटला कमीत कमी ७ दिवस, आणि आपल्याकडे दुकानात बहुतेक जे पीपीसी मिळतं त्याला किमान १० दिवस. चालू साइटवर कॉलमना गोणपाट गुंडाळलेलं ओलं दिसलं तर मनात एक मार्क द्या. पांढुरके, कोरडे कॉलम दिसले तर गप्प परत या.

तिसरं, मालात पाणी किती घालतात. एम २० ग्रेडला ५० किलोच्या एका गोणीमागे पाणी २७ लिटरच्या आसपास, त्यापेक्षा जास्त नाही, आणि वाळू ओली असेल तर अजून कमी. माल पातळ केला की पसरवायला सोपा, मजूर खूश. पण जादा पाणी उडून गेल्यावर आत पोकळ्या राहतात आणि ताकद उतरते. माल भरताना व्हायब्रेटर फिरवतात की नुसतं सळईने खुपसतात, हेही पाहा. आमच्या क्षेत्रात चुकलं तर रात्रीत रोलबॅक मारता येतो. भरलेल्या स्लॅबला रोलबॅक नसतो.

समोर बसल्यावर मी तिघांनाही एक प्रश्न टाकला: "मामा, स्लॅबखालचे टेकू कधी काढणार?" प्लेटा भाड्याच्या असतात, त्यामुळे लवकर काढायचा मोह असतो. मानक सांगतं, साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबला ७ दिवस, त्याहून लांब असेल तर १४, आणि सहा मीटरपर्यंतच्या बीमला १४. हे साध्या सिमेंटचं, दुसरं सिमेंट असेल तर आणखी थांबावं लागतं. एकजण म्हणाला, "काय काळजी करू नका इंजिनिअर साहेब, वीस वर्षं हेच करतोय." दुसऱ्याने उलट मलाच विचारलं, "सिमेंट कुठलं वापरायचं ठरलंय? त्यावर आहे ते." मला दुसरा आवडला, हे सांगायला नको.

सळईचं एक सोपं गणित मोबाइलवर ठेवा. व्यास मिलिमीटरमध्ये घ्या, त्याचा वर्ग करा, १६२ ने भागा. एका मीटरचं वजन किलोत मिळतं. १२ मिमीची सळई म्हणजे १४४ भागिले १६२, साधारण ०.८९ किलो. बारा मीटरची एक सळई पावणेअकरा किलोच्या आसपास भरली पाहिजे. थोडा फरक मानकालाच मान्य आहे, पण दीड-दोन किलो कमी भरली तर माल हलका आहे. आणि सळईवर किंवा सिमेंटच्या गोणीवर आयएसआय मार्कखाली जो सीएम/एल नंबर असतो, तो बीआयएस केअर नावाच्या सरकारी ॲपमध्ये टाकून लायसन्स खरं आहे का ते दुकानात उभ्याउभ्या बघता येतं.

आता पैसे. इथे सगळ्यात जास्त लोक अडकतात. आमच्यासमोर आलेला पहिला हप्तेवार तक्ता असा होता: करारावर २० टक्के, जोत्याला २५, स्लॅबला ३०. म्हणजे स्लॅब पडला की ७५ टक्के, १५,६७,५०० रुपये त्याच्या हातात. पण स्लॅबपर्यंत ढोबळमानाने खर्च होतो निम्मा. मधले पाच लाख बावीस हजार कुठे असतात? बहुतेक वेळा त्याच्या दुसऱ्या साइटवर. माणूस वाईट असलाच पाहिजे असं नाही, एकीकडचं घेऊन दुसरीकडे लावणं हीच त्याची पद्धत असते. पण ती साखळी कुठेतरी तुटली की काम तुमचं थांबतं, आणि प्लॅस्टरशिवायच्या भिंती बघत तुम्ही बसता.

आम्ही मांडलं ते असं: सुरुवातीला ५ टक्के, मग अकरा छोटे टप्पे, काम पूर्ण झाल्यावर दोन दिवसांत पैसे, आणि शेवटचे ५ टक्के एक पावसाळा गेल्यावर. एकाने "विश्वास नसेल तर राहू द्या" म्हणत वही मिटली. पण त्याची बाजूही समजून घ्या. मजुरांना आठवड्याच्या बाजाराआधी पगार द्यावा लागतो, तुम्ही पंधरा दिवस पैसे लटकवले तर तो चांगले मिस्त्री गमावतो. म्हणून छोटे टप्पे आणि वेळेवर पैसे. १९०० वाले मामा याच अटीवर तयार झाले. फक्त अकराचे तेरा टप्पे करून घेतले, तेही बरोबरच होतं.

कागदाचं थोडक्यात. करारात कामाची यादी, मोजमापाची पद्धत, टप्पे, मुदत, जादा कामाचा दर आधी लेखी ठरल्याशिवाय जादा काम नाही, एवढं तरी हवं. जीएसटी नंबर दिला असेल तर जीएसटी पोर्टलवर तो फुकट तपासता येतो: नोंदणी कधीची, रिटर्न भरतो का. महाराष्ट्राचा नंबर २७ ने सुरू होतो. लहान ठेकेदाराकडे नंबर नसणं बेकायदा असेलच असं नाही, पण नंबर नसताना बिलात जीएसटी लावत असेल तर लगेच थांबवा.

बरेच जण विचारतात, "महारेराकडे तक्रार करू का?" महारेरा बिल्डरच्या प्रकल्पांसाठी आहे. स्वतःच्या जागेवर ठेकेदाराकडून बांधलेलं घर त्यात येत नाही. तुमचा रस्ता ग्राहक आयोगाचा: २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात घरबांधणी ही सेवा धरलेली आहे. दिलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, तक्रार दोन वर्षांच्या आत, वकील सक्तीचा नाही. आधी १९१५ या हेल्पलाइनवर फोन करून बघा. मात्र तिथे उपयोगी पडतात बँकेतून दिलेले पैसे, व्हॉट्सॲपवरचे तारखेसकट फोटो आणि सही केलेली यादी. रोख दिलेले दोन लाख सिद्ध करायला दम लागतो.

फ्लॅटमध्ये बाथरूमचं काम काढणाऱ्यांसाठी एकच: वॉटरप्रूफिंग झाल्यावर, टाइल लावायच्या आधी, पाणी भरून किमान ४८ तास ठेवायला सांगा आणि खालच्या मजल्यावर जाऊन स्वतः छत बघा. ही अट करारात टाका. "टाइलवाला उद्याच येतोय" असं कोणी म्हणालं, तर टाइलवाल्याला परवा बोलवा.