वादळानंतरची वाडी आणि देवाची कृपा

३ जून २०२० रोजी दुपारी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले. श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूड, अलिबाग या भागांतल्या नारळ-पोफळीच्या वाड्या काही तासांत आडव्या झाल्या. आज्याने लावलेली झाडे नातवाच्या डोळ्यांदेखत गेली. "देव आहे तर हे झालं कसं?" हा प्रश्न त्यानंतर कुणाच्या मनात आला नसेल?

दिवेआगरला हा प्रश्न नवा नाही. १७ नोव्हेंबर १९९७ रोजी तिथे पोफळीच्या वाडीत जमिनीखाली पेटीत गणपतीचा सोन्याचा मुखवटा सापडला. भाविक येऊ लागले, घरोघरी राहण्या-जेवणाची सोय झाली, गावाला चार पैसे मिळू लागले. मार्च २०१२ मध्ये मंदिरावर दरोडा पडला. दोन रखवालदार मारले गेले, मुखवटा गेला. पुढे चोर सापडले आणि २३ नोव्हेंबर २०२१ रोजी मुखवटा पुन्हा मंदिरात बसला. पण ते दोघे रखवालदार काही परत आले नाहीत. म्हणून ज्याचे गेले त्याला "देवाची इच्छा" असे सांगू नये. त्याच्या शेजारी बसावे, हाताला हात लावावा.

कृपा असते ती अशी. पडलेला माड एकट्याने हलत नाही, शेजारी कोयता घेऊन यावा लागतो. पंचनामा करणाऱ्यानेही हे ध्यानात ठेवावे. इथल्या वाड्या गुंठ्यांच्या, त्यामुळे हेक्टरी ५० हजारांच्या मदतीतून हाती थोडेच येत होते. गाऱ्हाणे वर गेले, तेव्हा शासनाने सुपारीला झाडामागे ५० आणि नारळाला २५० रुपये ठरवले. रक्कम तुटपुंजीच, पण झाड मोजले गेले. प्रत्येक झाड नीट मोजणे हीसुद्धा सेवाच.

आता शेतीचे. पोफळीला शेंडा एकच. तो मोडला की झाड पुन्हा फुटत नाही. नवीन लावलेले झाड धरायला पाच ते सात वर्षे लागतात. मात्र वादळातही काही झाडे उभी राहिली. त्यांतली निरोगी, दरवर्षी भरपूर घड देणारी झाडे बियाण्यासाठी राखा. पूर्ण पिकलेली सुपारी देठाची बाजू वर ठेवून रुजवा. रोपांना केळीची सावली द्या. पश्चिमेच्या उन्हाने कोवळे खोड भाजते. मधल्या जागेत मिरी, जायफळ घ्या, म्हणजे पुन्हा संकट आले तरी सगळे एकदम जाणार नाही.

बंधूंनो, देवापुढे गाऱ्हाणे जरूर घाला. पण उभ्या राहिलेल्या झाडाची सुपारी रुजवायला विसरू नका. तीही त्याचीच देणगी आहे.