मरणाच्या कारणाचा रकाना

आम्ही कारकुनी करणारी माणसे. एक रकाना कोरा राहिला की पुढची सारी बेरीज चुकते, एवढे नोकरीने आम्हाला शिकवले. जुळे सोलापुरात कुणी वारले की कागदपत्रांसाठी लोक आमच्याकडे येतात. डॉक्टरांच्या दाखल्यावर पुष्कळदा एकच ओळ असते, "हृदयक्रिया बंद पडून मृत्यू."

बंधू-भगिनींनो, हृदय तर प्रत्येकाचेच बंद पडते! ते क्षयाने, मधुमेहाने की कर्करोगाने बंद पडले, हे लिहिले नाही तर विडी वळणाऱ्या मायमाऊलीचा आणि यंत्रमागावर राबणाऱ्या कामगाराचा आजार हिशेबात येतच नाही. हिशेबात नसलेल्या आजारासाठी निधी कोण मागणार?

२०२० साली देशात नोंदल्या गेलेल्या मृत्यूंपैकी वैद्यकीय कारण प्रमाणित झाले ते सुमारे २२ टक्क्यांचेच. उरलेल्यांबाबत तज्ज्ञांना अंदाज बांधावे लागतात आणि मग वाद होतात. २०२० व २०२१ या दोन वर्षांत कोरोनामुळे थेट वा अप्रत्यक्षपणे भारतात सुमारे ४७ लाख जादा मृत्यू झाले, असा अंदाज जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली दिला. कोरोनाबळींचा सरकारी आकडा पाच लाखांच्या आत होता. सरकारने संघटनेची पद्धत अमान्य केली. ताळा करायला २०२१ ची देशभराची मृत्युनोंद हवी होती. ती प्रसिद्ध झाली २०२५ साली!

दिल्ली-जिनिव्हाचे कशाला? जून २०२० मध्ये आपल्या सोलापुरातच ४० कोरोनाबळींची माहिती आधी कळवली गेली नव्हती, हे महापालिकेने जाहीर केले. त्या घरांत दुःख होते, आकड्यात मात्र नव्हते. पुढे २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार वारसांना ५० हजार रुपयांचे साहाय्य ठरले, तेव्हा त्या एका कागदाची किंमत अनेक विधवा भगिनींना कळली.

म्हणून आमची कळकळीची विनंती आहे. घरी मृत्यू झाल्यास २१ दिवसांच्या आत नोंद करा. तिला शुल्क नाही. डॉक्टरांना मूळ आजार सांगा, जुने केसपेपर दाखवा. लोकलाजेने क्षय लपवू नका. १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनुसार मृत्यूच्या कारणाच्या दाखल्याची प्रत जवळच्या नातेवाइकाला मिळायला हवी. ती मागून घ्या आणि जपून ठेवा. जगाच्या आकड्यांची बेरीज आपल्याच दारातून सुरू होते.