आकाशलहरी कोणाच्या?

गंगापूर धरणाचे दरवाजे उघडले, की नाशिककर दुतोंड्या मारुतीकडे पाहू लागतात. पाणी त्याच्या गुडघ्याला लागले की छातीला, यावरून पुराचे मान ठरविण्याची या गावाची जुनी रीत आहे. पुराचा इशारा देण्याची मुभा खाजगी रेडिओ केंद्रास आहे. मात्र तो स्थानिक प्रशासनाने पुरविलेला असला पाहिजे. पाणी इतक्या उशिरा का सोडले, गोदाकाठच्या दुकानदारांस आगाऊ सूचना का मिळाली नाही, असे त्या केंद्राने स्वतःच्या बुद्धीने विचारले, की ती बातमी झाली. आणि बातमी द्यावयाची तर आकाशवाणीची, तीही काना-मात्रा न बदलता, असा दंडक सरकारने घालून ठेवला आहे. हाच प्रश्न आम्ही या पानावर छापतो तेव्हा कोणाची अनुज्ञा घेत नाही. जे कागदावर चालते ते कानावर पडता कामा नये, हा न्याय आम्हांस तरी उमगलेला नाही.

या वृत्तीचे मूळ जुने आहे. 1885 च्या तार कायद्याने संदेशवहनाचा मक्ता सरकारने आपल्याकडे घेतला. 23 जुलै 1927 रोजी मुंबईस इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे केंद्र सुरू झाले. श्रोत्याने वर्षाला दहा रुपये परवाना शुल्क भरावयाचे, त्यांतील आठ कंपनीस मिळावयाचे, अशी व्यवस्था होती. परवाने आठ हजारांपर्यंतही पोचले नाहीत आणि 1930 च्या मार्चमध्ये कंपनीचे दिवाळे निघाले. मग सरकारने कारभार हाती घेतला, 1932 साली रेडिओ संचांवरील आयात जकात शेकडा 50 वर नेली, आणि 1933 च्या कायद्याने विनापरवाना संच बाळगणे हाच गुन्हा ठरविला. पुढे स्वराज्य आले. परंतु टपाल कचेरीत जाऊन रेडिओचे शुल्क भरण्याचा नेम 1985 पर्यंत सुटला नाही. आमच्या पिढीतील वाचकांस ती परवान्याची पुस्तिका आठवत असेल. घरात बसून गाणे ऐकावयाचे, त्याचीही सरकारदरबारी नोंद!

नव्या खाजगी केंद्रांची कथा याहून फारशी वेगळी नाही. पहिल्या लिलावात परवाना शुल्क दरसाल शेकडा 15 ने चढत जाईल अशी अट होती. उत्पन्न वाढो वा न वाढो, शुल्क वाढणारच! कित्येक बोलीदारांनी केंद्र सुरू होण्यापूर्वीच हात टेकले. 2005 साली सरकारला उपरती झाली आणि उत्पन्नाच्या शेकडा 4 इतका वाटा घेण्याचे ठरले. जाहिरातीचे पाहावे, तर 2017 च्या वस्तु व सेवा कराने रेडिओच्या जाहिरातीवर शेकडा 18 आणि वृत्तपत्रातील जागेवर शेकडा 5 कर बसविला. हा भेद आमच्या लाभाचा आहे. तरीही तो न्याय्य आहे असे आम्ही म्हणणार नाही.

याहून बिकट स्थिती सामुदायिक केंद्रांची. आमच्याच शहरातील रेडिओ विश्वासला 2023 साली राष्ट्रीय पारितोषिके मिळाली, याचा नाशिककरांस अभिमान आहे. अशा केंद्राचे प्रक्षेपण सामान्यतः शंभर वॅटचे, म्हणजे आवाज गावापुरताच. जाहिराती तासाला सात मिनिटेच घेण्याची मर्यादा होती. ती 2024 साली बारा मिनिटांवर आली. लासलगावच्या कांद्याचा भाव वा द्राक्षबागेवरील रोग सांगणाऱ्या या केंद्रांनी निर्यातबंदीच्या धोरणाची मात्र आपल्या परीने चिकित्सा करावयाची नाही!

ध्वनिलहरी मर्यादित आहेत, त्यांचे वाटप कोणीतरी करावयास हवे, हे आम्हांस मान्य आहे. 9 फेब्रुवारी 1995 रोजी सर्वोच्च न्यायालयाने या लहरी जनतेची मालमत्ता ठरविल्या. त्या सरकारच्याही नव्हेत आणि धनिकांच्याही नव्हेत. पण वाटप करणे वेगळे आणि तोंडाला कुलूप घालणे वेगळे. रेडिओवरून दंगल भडकेल अशी भीती दाखविली जाते. भडकावू मजकुरास जो कायदा वृत्तपत्रास लागू आहे तो रेडिओस लावण्यास कोणाचा विरोध आहे? शिवाय ज्या भ्रमणध्वनीवरून कसलीही अफवा क्षणार्धात मालेगावपासून इगतपुरीपर्यंत पोचते, त्यापुढे ज्याचा पत्ता व मालक सरकारला ठाऊक आहे अशा केंद्राचीच धास्ती का वाटावी, हे कोडेच आहे.

दूरसंचार नियामक प्राधिकरणाने सप्टेंबर 2023 मध्ये खाजगी केंद्रांस तासाला दहा मिनिटे बातम्या देऊ द्याव्यात अशी शिफारस केली. दहाच मिनिटे का, हे आम्ही विचारीत नाही. 2003 च्या सिंहस्थात येथे झालेल्या चेंगराचेंगरीत 39 भाविकांचे प्राण गेले, हे गाव ती गोष्ट विसरलेले नाही. 2027 च्या पर्वणीस रामकुंडाकडे लोटणाऱ्या समुदायास कोणत्या रस्त्याने जावे, कोठे थांबावे, हे सांगणारे मराठी आवाज जितके अधिक तितके बरे; आणि बंदोबस्तात उणीव राहिली तर तीही त्याच क्षणी बोलून दाखविणारे हवेत. माहिती व प्रसारण मंत्रालयाने त्या शिफारशीवर सिंहस्थाच्या मुख्य पर्वणीपूर्वी निर्णय द्यावा, आणि सामुदायिक केंद्रांसही त्यात सामावून घ्यावे, अशी आमची मागणी आहे.