उजेड पडेल तेवढीच सफाई

पाण्यासाठी माढा तालुक्याने कायम आभाळाकडे आणि उजनी धरणाकडे डोळे लावले. उन्हाची मात्र इथे कधी ददात नव्हती. पण हे ऊन उंबरठ्याशीच अडते. माळवदाच्या जुन्या घरांच्या भिंती जाड आणि खिडक्या लहान, कारण आत गारवा टिकायला हवा. त्याच घरात तुराट्या नि गोवऱ्यांवर भाकरी भाजली की धूरही आतच कोंडतो. गॅस आला तरी अंघोळीचे पाणी तापवायला अनेक घरांत अजून चूल पेटते. डोळ्यांना झोंबणारे फॉर्माल्डिहाइड, बेंझीन, कार्बन मोनॉक्साइड आणि फुप्फुसात खोल उतरणारे सूक्ष्म कण असे सगळे त्या धुरात असते. स्लॅबच्या नव्या घरातून चूल गेली, तरी प्लायवूडच्या कपाटातला सरस, ताजा तैलरंग आणि डासांची कॉइल यांतून निघणारे वायू राहतातच.

अशा घरांसाठी आता हवा शुद्ध करणाऱ्या रंगांच्या आणि यंत्रांच्या जाहिराती येतात. त्यामागचे विज्ञान खरे आहे आणि सुंदरही आहे. त्यातला मुख्य पदार्थ टायटॅनियम डायऑक्साइड, म्हणजे रंगाला आणि टूथपेस्टला पांढरेपणा देणारी पूड. ती इल्मेनाइट या खनिजापासून बनते. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूत ते सापडते. या पुडीच्या ॲनाटेज नावाच्या रूपावर ३८८ नॅनोमीटरपेक्षा कमी तरंगलांबीचा, म्हणजे अतिनील, प्रकाश पडला की आतला एक इलेक्ट्रॉन जागा सोडून वर उडी घेतो. मागे राहिलेली रिकामी जागा पृष्ठभागावरच्या बाष्पातून इलेक्ट्रॉन ओढून घेते आणि हायड्रॉक्सिल हा अतिशय आक्रमक मूलक तयार होतो. सुटलेला इलेक्ट्रॉन ऑक्सिजनला जाऊन चिकटतो, तोही चळवळ्या बनतो. फॉर्माल्डिहाइडसारखा रेणू तिथे टेकला की दोघे मिळून त्याचे तुकडे करतात. सगळे नीट पार पडले तर शेवटी उरतात कार्बन डायऑक्साइड आणि पाणी. पूड खर्ची पडत नाही.

या साऱ्याकडे जगाचे लक्ष वेधले ते १९७२ साली. जपानच्या फुजिशिमा आणि होंडा यांनी ‘नेचर’मध्ये टायटॅनियम डायऑक्साइडवर प्रकाश टाकून पाण्याचे विघटन केल्याचे प्रसिद्ध केले. आपल्याकडे माटुंग्याच्या यूडीसीटी या रसायन-तंत्रज्ञान संस्थेत, आजच्या आयसीटीत, विश्वास पांगारकर आणि भातखंडे यांनी नेदरलँड्सच्या बीनाकर्स यांच्यासोबत या विषयाचा आढावा घेतला; तो २००२ साली प्रसिद्ध झाला. पाठोपाठ त्यांनी पाण्यातले नायट्रोबेंझीन केंद्रित सूर्यप्रकाशात नष्ट करण्याचे प्रयोग मांडले. मला या प्रयोगांतला विचार फार मोलाचा वाटतो. त्यांनी घाण उन्हात आणली. घराच्या भिंतीला रंग लावून आपण नेमके उलटे करतो, घाण आत ठेवून उन्हाची वाट पाहतो.

आणि ऊन आत येत नाही. सूर्यप्रकाशातच अतिनील भाग जेमतेम पाच टक्क्यांच्या आसपास, त्यातला बराचसा खिडकीची काच आणि अंतर अडवते. घरातल्या एलईडी दिव्यात तो जवळपास नसतोच. २००१ साली जपानी संशोधकांनी पुडीत नायट्रोजन मिसळून तिला दृश्य प्रकाशातही कामाला लावले, पण तिथे तिचा वेग कमी पडतो. शिवाय प्रदूषक भिंतीपर्यंत पोहोचायला हवा. माढ्यात चार दिवसांत भिंतीवर धुळीचा थर बसतो, स्वयंपाकघरात त्यावर फोडणीचा चिकटा चढतो. मग खालची पूड आंधळी होते. काम अर्धवट राहण्याचा धोका याहून गंभीर आहे. अल्कोहोलची वाफ पुरती न मोडता ॲसिटाल्डिहाइडवर थांबू शकते, तर रंगातल्या टोल्युइनचे अर्धे मोडलेले अवशेष पृष्ठभागावर साचून पांढरी पूड पिवळट पडते. कार्बन मोनॉक्साइडपुढे नुसती ही पूड जवळजवळ निष्प्रभ ठरते, आणि काजळी मोडायला तिला फार वेळ लागतो.

म्हणून चुलीच्या धुरावर हा रंग उपाय म्हणून विकणे मला गैर वाटते. धुरासाठी धुराडे हवे, समोरासमोर खिडक्या हव्यात, शक्य तिथे गॅस हवा. चूल विझलेल्या घरात मात्र सरसाच्या आणि रंगाच्या वायूंसाठी या पुडीला जागा आहे: पंख्याने हवा ओढणाऱ्या बंद पेटीत, स्वतःच्या अतिनील दिव्यापुढे, धूळ अडवणाऱ्या गाळणीच्या मागे. वीज गेली की तीही थांबते, हे इथल्या माणसाला सांगायला नको.

रंगवाल्या दुकानदाराला दोन गोष्टी जरूर विचाराव्यात. चाचणी कोणत्या उजेडात झाली? आयएसओ २२१९७ या मानकात नमुन्यावर अतिनील प्रकाश टाकतात, तर आयएसओ १७१६८ घरातल्या दिव्यांसाठी आहे. बैठकीच्या खोलीला दुसऱ्याचा दाखला लागतो. आणि चाचणीच्या शेवटी फॉर्माल्डिहाइडसारखे अर्धवट मोडीतून उरणारे वायू मोजले होते का, की सुरुवातीचा वायू कमी झाला एवढेच पाहिले?