अलंकाराचा पुरावा : चीनमधील जेडचे ड्रॅगन आणि तेरची मृण्मय पदके

प्रस्तावना :
प्राचीन अलंकार हे तत्कालीन श्रद्धा, प्रतिष्ठा व व्यापार यांचे साक्षीदार असतात. परंतु ते कोठे व कोणत्या थरात सापडले याची नोंद नसल्यास ही साक्ष अपुरी राहते. प्रस्तुत लेखात दोन प्रदेशांतील उदाहरणांच्या आधारे या बाबीचा विचार केला आहे.

चीनमधील जेडचे ड्रॅगन :
जेड हा अत्यंत चिवट दगड आहे. तो सरळ कोरता येत नाही. वाळूसारख्या कठीण कणांनी दीर्घकाळ घासून त्यास आकार द्यावा लागतो. या श्रमामुळेच जेडची वस्तू प्रतिष्ठेचे चिन्ह ठरली. १९७१ मध्ये अंतर्गत मंगोलियातील एका शेतकऱ्यास सुमारे २६ सें.मी. उंचीचा, पाठीवर छिद्र असलेला वक्राकार ड्रॅगन मिळाला. उत्खननाचा आधार नसल्याने त्याचे महत्त्व तत्काळ उमगले नाही. पुढे हाँगशान संस्कृतीच्या स्थळांचे उत्खनन झाल्यावर तो सुमारे पाच हजार वर्षांपूर्वीचा मानला गेला. याउलट १९७६ मध्ये आन्यांग येथे शांग राणी फू हाओ हिची अस्पर्शित कबर उघडली गेली. तेथील ७५५ जेडवस्तूंचा काळ व त्यांची स्वामिनी कांस्यपात्रांवरील लेखांमुळे निश्चित करता आली.

तेरची मृण्मय पदके :
धाराशिव जिल्ह्यातील तेरणाकाठचे तेर म्हणजेच प्राचीन तगर होय. इ. स. च्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रंथात ते पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर असल्याचे नमूद असून तेथील कापड भडोच बंदरास जात असे. येथे रोमन नाण्यांचे अनुकरण करून घडविलेली मातीची पदके मिळाली आहेत. ती गळ्यात घालता यावीत म्हणून त्यांना वर कडी ठेवलेली असे. परदेशी नाण्याचे चलनमूल्य मागे पडून त्याचा अलंकार झाला, हे यावरून दिसते.

१९५७-५८ मध्ये चापेकर यांनी तेर येथे उत्खनन केले. तत्पूर्वीपासून स्थानिक रहिवासी रामलिंगप्पा लामतुरे यांनी परिसरातील वस्तू निष्ठेने जमविल्या. आज त्यांच्याच नावाने तेथे शासकीय संग्रहालय आहे. त्यांच्या प्रयत्नांमुळे असंख्य वस्तू वाचल्या. तथापि, नांगरटीत वा पावसाने उघड्या पडलेल्या वस्तूंचा मूळ थर कळत नाही, ही मर्यादा राहतेच.

निष्कर्ष :
जेडचे मोल दगडात व मातीच्या पदकाचे मोल कारागिरीत शोधले जाते. इतिहासाच्या दृष्टीने मात्र दोहोंचे मोल संदर्भात आहे. म्हणून शेतात एखादी वस्तू आढळल्यास ठिकाण, खोली व दिनांक यांची नोंद करून ती पुरातत्त्व विभागास कळविणे, हे नांदेड-लातूर परिसरातील महाविद्यालयांनी विद्यार्थ्यांना शिकविणे अगत्याचे आहे.